आयने न दिलेला अंगठा

"तुमच्या घरात असं झालं असतं तर?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. तो प्रश्न नसतोच, समोरच्याचं तोंड बंद करायची ती एक सोय असते. शिरगावच्या आमच्या सोसायटीत खाली दोन बाकं आहेत. टीव्हीवर कुठली घाणेरडी बातमी आली की संध्याकाळी त्या बाकांवर कोर्ट भरतं आणि हातातला चहा संपायच्या आत फाशी सुनावून मोकळं होतं. मी पूर्वी वाद घालायचे. आता मी एवढंच म्हणते, "झालंय." मग एखादे निवृत्त बँकवाले काका चष्मा पुसत हळूच विचारतात, "आणि तरी तुम्ही नको म्हणता?" त्या 'तरी'चं उत्तर बाकावर बसून देता येत नाही. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. यात मी फार बरी दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं पालेगाव तेव्हा गाव होतं. आज आमच्या शेतावर बावीस मजल्यांची इमारत आहे आणि आमची विहीर होती तिथे पोहण्याचा तलाव आहे, त्यात उतरायला रहिवाशांचा पास लागतो. घरात आम्ही तिघंच होतो. आय, माझा मोठा भाऊ मधू आणि मी. बाबा मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून घर मधूदादूसच्या पगारावर चाललं. तो अंबरनाथला एका केमिकल कंपनीत होता. त्याची नखं कायमची पिवळी पडलेली होती आणि कितीही साबण लावला तरी त्याच्या अंगाचा आंबूस वास जायचा नाही. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की अर्ध्या तासात तो सायकलवरून यायचा, मागच्या दारी बादलीवर बादली ओतून अंघोळ करायचा आणि ओल्या केसांनीच चुलीपुढे बसायचा. भाकरी त्याला तव्यावरूनच ताटात लागायची. आय तांदळाची भाकरी थापायची, तिच्या थापण्याच्या आवाजावरून मला तिचा राग-लोभ कळायचा. सुका जवळा कांद्यावर परतलेला, वालाचं बिरडं, कधी चिंबोऱ्यांचा रस्सा. दादूस तापट होता, भांडखोर होता, दोन घोट पोटात गेले की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. माझ्यावर त्याचा फार जीव होता. मी कॉलेजात शिकणारी आमच्या आळीतली पहिली मुलगी, आणि मला तिथवर पोचवणारा तोच.

कॉलेज उल्हासनगरला होतं. तिथून सुटले की मी तिथल्याच कॅम्प चारमधल्या एका शिलाईच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करायची. एका खोलीत सात मशिनी, वरून पंख्याची घरघर, आणि मधूनमधून सिंधी शेठची हाक. कॉलेजात मी वक्तृत्व स्पर्धा जिंकत होते. विषय कुठलाही द्या, बाजू कुठलीही द्या, मी समोरच्याला गार करायची. बोलण्याचं मला व्यसन होतं आणि आपण बोलतो ते खरंच असतं, अशी माझी त्या वयातली समजूत होती.

धर्माकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गावकीतले मोठे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे तेव्हा पद्धत होती, आजही थोड्या वेगळ्या रूपात आहे, की हळदीला नवऱ्याच्या सगळ्या भावकीने सारखे शर्ट घालायचे. एक तागा आणायचा आणि त्यातून लहानमोठ्या सगळ्यांचे शर्ट शिवायचे. तागा मीच आमच्या शेठकडून आणला, फिकट बदामी रंगाचा, त्यावर बारीक निळ्या रेघा. शेठ हसून म्हणाला, "साईं, पूरा खानदान एक ही थान में? अपना आदमी पहचानोगे कैसे?" एकोणीस शर्ट शिवून झाले. एकोणीस शर्टांची काजं मी केली, बटणं मी लावली. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरले होते.

त्या एकोणिसांत एक शर्ट किसनचा होता. किसन आमच्या भावकीतलाच, त्याचं शेत आमच्या शेताला लागून. दोन शेतांमधल्या बांधावरून मधूदादूसचं आणि त्याचं वैर होतं. कुणी बांध कोरला आणि कुणी दगड हलवला, याचं खरंखोटं मला तेव्हाही कळलं नाही. त्याच उन्हाळ्यात एकदा दादूस कुऱ्हाड घेऊन त्याच्या अंगावर गेला होता. मी दादूसच्या दंडाला लोंबकळले म्हणून ती कुऱ्हाड खाली आली. ही गोष्ट आम्ही घरात परत काढली नाही.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडव भरून माणसं होती. एका बाजूला धवलारीण म्हातारी धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात होती, दुसऱ्या बाजूला बेंजोवाल्यांनी तिचा आवाज पार गिळून टाकला होता. मटणाच्या टोपांखाली लाकडं पेटली होती आणि मी बायकांबरोबर वडे तळायला बसले होते. पुरुष एकमेकांना हळद फासत होते. चेहरा, केस, कान, सगळं पिवळं. दिवेलागणीला वीज गेली. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मांडवाच्या मागे आरडाओरडा झाला, आणि आम्ही धावलो तेव्हा मधूदादूस मटण तोडायच्या ओंडक्याशेजारी पडला होता. कोयता तिथलाच होता. आय त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याला उचलून टेम्पोत घातलं, पण टेम्पो फाट्याला पोचायच्या आतच तो गेला. तोवर सगळ्या मांडवात एकच नाव झालं होतं, किसन. पोलिसांनी त्याला घरातून उचललं. त्याच्या शर्टावर रक्त होतं. मधूला उचलायला आपणही हात लावला, असं तो सांगत होता. रक्त उचलणाऱ्या सगळ्यांच्याच शर्टांवर होतं, पण ते कुणी मोजत बसलं नाही. आयने जबाबात सांगितलं की किसनला वार करताना तिने पाहिलं. ती एकटीच साक्षीदार होती.

मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेत मी किसनला मारायची आणि उठून पुन्हा मारायची. त्यामुळे गावकीने जेव्हा ठरवलं की सरकारला अर्ज करायचा, किसनला फाशी झालीच पाहिजे असं सगळ्या गावाने लिहून द्यायचं, तेव्हा मला देवच पावल्यासारखं वाटलं. खटला चालायच्या आधी असले अर्ज करून काही होत नसतं, हे गावकीला कळत नव्हतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. गावकीचा रिवाज असा, की अर्जावर घरटी एक, घरातल्या मोठ्या माणसाचा, अंगठा किंवा सही, आणि पहिला अंगठा ज्याच्या घरचा माणूस गेला त्या घराचा. तो लागल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. धर्माकाका आमच्याकडे कागद घेऊन आले आणि मला म्हणाले, "हिरा, तूच लिव. तू शिकलेली, तुजा लिवलेला साहेब वाचंल." मी दोन दुपारी बसून तो अर्ज लिहिला. पाच कारणं, आकडे घालून. भावाच्या मरणावर अर्ज लिहिताना मला मजा आली, हे आज लिहायला लाज वाटते. पण आली होती. एकेक वाक्य घासून पुसून लिहिलं होतं.

आय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी समोर उभी राहून स्पर्धेत वाचावं तसं वाचायला लागले. पहिलं कारण, अशी जरब बसेल की पुन्हा कुणी हत्यार उचलणार नाही.

"थांब," आय म्हणाली. "मधूनं कुराड उचलली तवा त्याला जरब नव्हती का?"

"तो विषय वेगळा आहे."

"कसा येगला? तवा तू त्याचा हात धरलास. नसता धरलास तं किसन मेला असता. मंग यो कागद किसनच्या आयनं लिवला असता, आन त्यावर मधूचा नाव असता. तवा तू वाचली असतीस का असा उभी ऱ्हाऊन?"

मी म्हटलं, दादूसने मारलं नाही ना शेवटी. ती म्हणाली, "राग आला का मानूस इचार करून हत्यार उचलतं का गो? फाशी आठवाया टाइम कोनाला हाय? त्याचा हात धरलास तवा तुना तरी व्हता का?" मी दुसऱ्या कारणावर गेले. जिवाच्या बदल्यात जीव, हाच खरा न्याय.

आयने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा इतका कडवट झालेला मी कधी पाहिला नव्हता. "म्हंजे किसनचा जीव घेतला का मधूचा फिटला? बराबर? माजा मधू किसनच्या मापाचा व्हता? असा इकायला काढलास व्हय त्याला?"

पुढे मी या विषयावर पुष्कळ वाचलं, मोठमोठ्या लोकांचे दोन्ही बाजूंचे लेख वाचले, पण बदल्याच्या हिशेबाने सर्वांत मोठा अपमान मेलेल्याचा होतो, हे कुणी मला सुकट निवडणाऱ्या त्या बाईइतकं सरळ सांगितलं नाही. तेव्हा मात्र मला फक्त तिचा संताप आला. मी आवाज चढवून तिसरं वाचलं, की अशा माणसाला तुरुंगात सरकारने आयुष्यभर फुकट का पोसावं.

"पोसू दे," आय म्हणाली. "त्यानंच मारला असंल तं मना त्यो जिता पायजे. रोज उठूदे, रोज भाकर खाऊदे, आन रोज त्याला माज्या मधूचा तोंड दिसूदे. मेला म्हंजे सुटला. तू त्याला सोडवाया निगालीस."

आय दयाळू होती असं कुणी समजू नये. लोक ही गोष्ट ऐकतात आणि लगेच तिला साध्वी करून टाकतात. ती किसनच्या घरावरून जाताना थुंकायची. त्याच्या आईशी ती मरेपर्यंत बोलली नाही. माफी हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. तिचं भांडण माझ्या कारणांशी होतं.

चौथं कारण मी लिहिलं होतं की ही संपूर्ण गावाची एकमुखी मागणी आहे. आय हसली, आणि ते हसणं वाईट होतं. "दोनशे मानसं व्हती मांडवात. पोलिसांनी इचारला तवा कोनी मुतायला गेलेला, कोनी पान आनायला गेलेला. कोनाला काय दिसला नाय. आता अंगठा द्यायला सगल्यांचे डोले उगरले?"

पाचवं कारण मी शेवटी ठेवलं होतं, स्पर्धेत शेवटी टाळ्यांचं वाक्य ठेवतात तसं. मयताच्या दुःखी मातेच्या मनाला फाशीनेच शांती लाभेल.

"ये तुना कोनी सांगितला?" आयने विचारलं.

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?"

"माजा मन, आन मना न इचारता लिवलास?"

मग मी फुटले. मी ओरडले की तुला मधूचं काहीच नाही, तू त्याची आई आहेस की किसनची? तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस त्याला, आणि आता कागदावर अंगठा द्यायला रडतेस? आय माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली. मग तिने पदराने हात पुसले आणि जवळ बस म्हणाली. मी बसले नाही.

"मी पाठ बगली," ती म्हणाली. "शर्ट बगला. कालोख व्हता, तोंडावर हलद. मी मधूकरं धावली, तवर त्यो मानूस गेला. मी मधूला धरून बसली. मना कायेक सुचत नव्हता. तू वऱ्यांच्या चुलीकरून धावत आलीस. आल्या आल्या बोंबललीस, किसननं मारला, किसननं मारला. आठवतं?"

आठवत होतं. मी काहीच पाहिलेलं नव्हतं, मी चुलीपाशी होते. पण दादूसला पडलेला पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात बांध आला, कुऱ्हाड आली आणि नाव तयार झालं. मला ते अनुमान वाटलंच नाही. मला ते दिसलं होतं, असंच वाटलं.

"मंग सगली तेच बोलाया लागली," आय म्हणाली. "मना वाटला, हिरा शिकलेली हाय, ती उगा कशी बोलंल? पोलिसांना मी तेच सांगितला. आता डोले मिटले का त्यो शर्ट दिसतं. शर्टाच्या वर तोंड नाय दिसत. किसनचा लावून बगते, बसतं. दुसऱ्या कोनाचा लावला तरी बसतं."

एकोणीस शर्टांची बटणं माझ्या या बोटांनी लावलेली होती. साऱ्या गावात एक मीच अशी होते जिला हे सर्वांत आधी कळायला हवं होतं. मला कळलंही, त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. आणि मी काय केलं? मी आयला म्हटलं, "जबाबात चेहरा सांगितला आहेस. कोर्टातही चेहराच सांगायचा. दुसरा कोण असणार?" पुढचे कितीतरी दिवस मी तिच्याकडून साक्ष पाठ करून घ्यायचा प्रयत्न करत होते. ती चूल फुंकायची आणि मी मागे उभी राहून वकिलासारखे प्रश्न विचारायची. ती चुलीत लाकडं सारत राहायची.

अंगठा तिने दिला नाही. धर्माकाका तीन वेळा आले. शेवटच्या वेळी उंबऱ्यावरूनच म्हणाले, "वयनी, तुजा अंगठा नाय तं गावाचा नाय. गावाचा नाक कापलास." आय म्हणाली, "भावजी, नाक माजा कवाच गेला. त्यो मधूच्या चितेवर गेला." अर्ज तसाच राहिला. त्यानंतर आमच्याकडे ना हळदीचं बोलावणं आलं, ना बारशाचं. गिरणीत आमचं तांदळाचं पीठ शेवटी दळलं जाऊ लागलं. आणि खरं सांगायचं तर वाळीत टाकणाऱ्यांत मीही होते. मी तिच्याशी घरात बोलणं सोडलं, तिने वाढलेलं ताट घेऊन मागच्या दारी जाऊन जेवायची.

बाकावरच्या मंडळींना मी हे सगळं सांगू शकत नाही. त्यांना वाटतं मी फार वाचून मऊ झाले आहे. माझ्यात काही मऊ नाही. काही माणसं जगायच्या लायकीची नसतात, असं मला आजही वाटतं, बातम्या पाहताना तर रोज वाटतं. पण ते वाटणं कितीही खरं असलं तरी त्यातून माणूस ओळखता येत नाही, हे मी माझ्यावरूनच शिकले. माझा राग शंभर नंबरी होता, माझं दुःख खोटं नव्हतं, माझी भाषा उत्तम होती, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक पाठ होती. फाशी मागणारे नेहमी विचारतात, तुमचा भाऊ असता तर? अहो, माझा भाऊ होता, म्हणून तर मी सर्वांत कमी भरवशाची होते.

किसन सुटला, हे आधीच सांगून टाकते. त्याने मारलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. अंबरनाथच्या बाजारात तो कधीतरी दिसतो, आता म्हातारा झाला आहे, हातात भाजीची पिशवी असते. तो दिसला की मला पुन्हा त्याला मारावंसं वाटतं, आणि लगेच भीती वाटते, की याने मारलंच नसेल तर? या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन जगणं सोपं नाही. पण तो भाजी घेत असल्यामुळे निदान मला हा प्रश्न पडू तरी शकतो.

कोर्टात साक्षीच्या दिवशी आय धुतलेलं हिरवं लुगडं नेसून गेली. गावातले वीसेक पुरुष मागे बसले होते. मी पुढच्या बाकावर होते, तिने माझ्याकडे बघावं आणि घाबरून पाठ केलेलं बोलावं म्हणून. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला वार करताना पाहिलंत का? आय म्हणाली, "पाठ बगली. शर्ट बगला. तोंड बगला नाय." मागून कुणीतरी शिवी दिली. वकील चिडले, साक्षीदार फितूर झाल्याचं न्यायाधीशांना म्हणाले आणि तिच्यावर तुटून पडले. किती पैसे घेतले, कुणी धमकावलं, पोटच्या पोराला विकलंस का. आय कठडा धरून उभी होती. मला कोण आनंद होत होता, तिला असं कुणीतरी बोलतंय म्हणून.

मग किसनचा वकील उठला. त्याचा आवाज हळू होता. त्याने विचारलं, "बाई, तुम्ही चेहरा पाहिला नाही म्हणता. मग किसनचं नाव आलं कुठून? पहिल्यांदा ते नाव कुणी घेतलं?"

आयने मान वळवली. तिने मागच्या पुरुषांकडे पाहिलं नाही, किसनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तिने माझं नाव सांगितलं असतं तर मला तिथेच उभं केलं असतं, साऱ्या गावासमोर विचारलं असतं, की काही न पाहता तू एक माणूस फासाकडे कसा ढकललास. मी स्पर्धांमध्ये दिवसभर बोलणारी मुलगी. मला फक्त उभं राहून दोन शब्द म्हणायचे होते.

"मीच घेतला," आय म्हणाली. "चुकी माजी हाय, साहेब. लिवून घ्या."

टायपिस्टने ते लिहून घेतलं. मी बाकावरून उठले नाही.